'कोरलाइन' की 'स्पिरिटेड अवे': मुलांसोबत आधी कुठला बघायचा?

परवा ताईचा फोन आला, भाची नऊ वर्षांची आहे, नुकतंच घर बदललंय, शाळा नवी, अजून एकही मैत्रीण नाही, आणि सुट्टीत दोघी मिळून काहीतरी बघणारेत तर यातला कुठला लावू. मला दोन्ही पिक्चर जिवापाड आवडतात म्हणून नीट विचार करून सांगते.

वरवर गोष्ट एकच आहे. नवीन जागी राहायला आलेली मुलगी, एका वाटेने पलीकडच्या जगात जाते, आईबाप तिथे अडकतात आणि त्यांना सोडवायचं काम तिच्यावर येतं. पण पलीकडचं जग तिच्याशी वागतं कसं, सगळा फरक तिथेच आहे.

'कोरलाइन' हा हेन्री सेलिकचा २००९ चा, लायका स्टुडिओचा पहिला मोठा पिक्चर, सगळा स्टॉप मोशन, म्हणजे बाहुल्या हातानं इंचइंच हलवून एकेक फ्रेम टिपलेली. त्यातल्या कोरलाइनला आईबाबा वेळ देत नाहीत, बाबांच्या हातचं जेवण घशाखाली उतरत नाही, आणि छोट्या दरवाज्यापलीकडे तेच घर, तीच आई, फक्त प्रेमळ, टेबलावर सगळं आवडीचं, एवढंच की डोळ्यांच्या जागी काळी बटणं! खऱ्या आणि खोट्या दोन्ही आईंना आवाज एकाच बाईचा आहे, टेरी हॅचरचा, त्यामुळे ऐकताना अजूनच कसंतरी होतं. मला सगळ्यात भारी वाटतं ते सेटचं काम, खऱ्या घराचे सेट मुद्दाम उथळ बांधलेत म्हणून तिथे कोंदटल्यासारखं वाटतं आणि पलीकडच्या घरात तीच खोली लांबवर जाते, आपल्यालाही तिकडेच राहावंसं वाटायला लागतं. म्हणजे ते जग तिच्या तक्रारी ऐकून बनवलेला आरसाच आहे. आणि खराखुरा आरसाही येतो, तिने हट्ट केल्यावर खोटी आई तिला आरशामागच्या अंधाऱ्या खोलीत कोंडते, नंतर खरे आईबाबाही आरशात दिसतात, थंडीने गारठलेले, मदत मागत. आमची आजी रात्री आरशात बघू द्यायची नाही, तो सीन बघताना मला तीच आठवते.

जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा 'स्पिरिटेड अवे' २००१ चा, हाताने काढलेला, दोन तासांहून थोडा मोठा, २००३ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. इथली चिहिरो दहा वर्षांची, बोगदा ओलांडून गेली की देवांच्या, आत्म्यांच्या न्हाणीघरात पोचते आणि तिथे तिचं कुणाला काही पडलेलं नसतं, काम कर नाहीतर तुझं जनावर करू एवढंच! मालकीण युबाबा करारावर सही घेऊन तिचं नावच काढून घेते, चिहिरोची 'सेन' होते, आणि नाव विसरलीस तर परतीची वाट विसरशील असं तिला बजावलेलं असतं.

जेवणावरून तर दोन्ही एकदम उलटे आहेत. कोरलाइनला पंचपक्वान्नं हेच आमिष. चिहिरोचे आईबाबा मांडलेलं अन्न न विचारता खातात आणि डुकरं होतात, पण तिने स्वतः तिथलं काहीतरी खाल्लं नाही तर ती विरून जाईल म्हणून तिथे भेटलेला हाकू नावाचा मुलगा तिला भरवतो, आणि पुढे भाताचे गोळे खाताखाता ती हमसून रडते, एवढे टपोरे अश्रू मी दुसऱ्या कुठल्याच कार्टूनमध्ये बघितले नाहीत.

भीतीचं म्हणाल तर 'कोरलाइन' जास्त घाबरवतो. आईच शत्रू निघते, शेवटी ती कोळी किड्यासारखी होते, हात सुयांचे, सात-आठ वर्षांचं मूल असेल तर मी लावणार नाही. 'स्पिरिटेड अवे'मध्येही रक्त आहे, एक बिनचेहऱ्याचा जीव तिथल्या कामगारांना गिळतो, पण तिथे पूर्ण वाईट असं कुणीच नसतं, युबाबाची हुबेहूब तशीच दिसणारी जुळी बहीण झेनिबा भेटते आणि तोच चेहरा अचानक मायेचा वाटायला लागतो.

म्हणून ताईला सांगितलं, आधी 'स्पिरिटेड अवे'. नव्या जागी एकट्या पडलेल्या पोरीला, आपलं नाव धरून ठेवून अनोळखी लोकांत काम करत माणसं जोडता येतात, हे बघणं आत्ता जास्त गरजेचं आहे. ज्या घरात मूल दहा-अकराचं आहे आणि 'तिची आई किती छान' असं रोज ऐकावं लागतं तिथे मात्र 'कोरलाइन'च लावा, फक्त शेजारी बसून बघा, मधेच उठून जाऊ नका.

आणि 'स्पिरिटेड अवे'मध्ये पाण्यावरून ट्रेन जाते तिथे मोबाइल बाजूला ठेवा, पोरांना काही विचारूही नका, बराच वेळ कुणी बोलत नाही, बाहेर नुसतं पाणी आणि संध्याकाळ, ते त्यांना शांतपणे बघू द्या.