दिवस मोजायचे की पट्टी वापरायची?

सांगलीत विश्रामबागच्या मेडिकलमध्ये ओव्हुलेशन किट, म्हणजे स्त्रीबीज कधी सुटणार ते सांगणारी पट्टी, मागायला काही जणी अजून बिचकतात, म्हणून कॅलेंडरवरच भागवतात. फुकटचं आहे, पण घोळही तिथेच. सरसकट चौदावा दिवस धरतात! बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. म्हणजे चक्र ३५ दिवसांचं असेल तर एकविसाव्याच्या आसपास. पाळी मागेपुढे होत असेल तर हिशेबच कोलमडतो.

पट्टी लघवीतलं वाढलेलं एलएच (बीज सुटायला लावणारं हार्मोन) दाखवते. त्यानंतर साधारण २४ ते ३६ तासांत बीज सुटतं. मूल हवं असेल तर मी पट्टीच घेईन. मात्र शुक्रजंतू ५ दिवसांपर्यंत जगतात, बीज जेमतेम एक दिवस. त्यामुळे पट्टीची वाट बघत आधीचे दिवस वाया घालवू नयेत. पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी मागेपुढे होण्याचा त्रास) असेल तर पट्टीही चकवते.