अभिरूप मुलाखत : दडपणाची रंगीत तालीम

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतील एकूण 2,025 गुणांपैकी 275 गुण व्यक्तिमत्त्व चाचणीचे, म्हणजे मुलाखतीचे असल्याने पुण्यातील एका अकादमीची अभिरूप (सरावाची) मुलाखत देऊन पाहिली. मंडळातील निवृत्त अधिकाऱ्यांनी उत्तर अर्ध्यावर असतानाच ‘हाच निर्णय दुष्काळात घ्याल का?’ असा प्रतिप्रश्न टाकून मुद्दाम कोंडीत पकडले आणि नंतर चित्रफितीत, अवघड प्रश्न येताच मी घड्याळाच्या पट्ट्याशी कसा चाळा करतो, हे नेमके दाखवून दिले. उत्तरापूर्वी श्वास सोडून क्षणभर थांबण्याची त्यांची सूचना साधी असली तरी खरोखर उपयोगी आहे. लेखी अभिप्राय मात्र साचेबद्ध, शुल्क (तेही आगाऊ!) पाहता तो सविस्तर हवा होता. ज्यांची मंडळासमोर बोबडी वळते, त्यांनी मुख्य परीक्षेचा निकाल लागताच नाव नोंदवावे; नंतर वेळ मिळत नाही.