झिग सीसी : जुन्या-नव्या लिनक्सवर एकच सी++ लायब्ररी चालवताना आलेला अनुभव

पोर्टेबल लायब्ररीची खरी परीक्षा नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत होते. एका शेडमध्ये मशीनशेजारी सेंटओएस ७ चा पीसी, पलीकडे उबुंटू २०.०४, पॅनलमध्ये रास्पबेरी पाय. पीएलसीकडून (मशीन चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरकडून) मॉडबस टीसीपी या नेटवर्क प्रोटोकॉलवर रीडिंग घेणारी आमची लायब्ररी या सगळ्यांवर चालायला हवी. त्यासाठी काही महिने बिल्ड झिग सीसीवर, म्हणजे झिग भाषेसोबत येणाऱ्या सी/सी++ कंपायलरवर आहे.

मूळ दुखणं जीलिबसीचं, म्हणजे लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीच्या आवृत्तीचं. जुन्यावर लिंक केलेलं नव्यावर चालतं, उलट नाही. सेंटओएस ७ मध्ये २.१७ आहे, उबुंटू २२.०४ मध्ये २.३५. त्यातच २.३४ मध्ये पीथ्रेड (थ्रेड्सची वेगळी लायब्ररी) मुख्य लिबसीत विलीन झालं. त्यामुळे नव्या उबुंटूवर बनवलेल्या लायब्ररीने साधा एक थ्रेड सुरू केला तरी ती २.३४ मागते आणि जुन्या पीसीवर लोडच होत नाही. सेंटओएस ७ च्या डॉकर कंटेनरमध्ये बिल्ड करणं हा प्रचलित उपाय. पण ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चा सपोर्ट संपला, यम या पॅकेज मॅनेजरचे पत्ते व्हॉल्टकडे (जुन्या पॅकेजेसच्या साठ्याकडे) वळवावे लागतात आणि सोबत येतो तो जीसीसी ४.८, म्हणजे सी++१७ नाही.

झिगमध्ये टार्गेटच्या (ज्या सिस्टिमसाठी बिल्ड करायचं तिच्या नावाच्या) शेवटी ‘जीएनयू.२.१७’ लिहायचं, बस्स. वेगळा सिसरूट (त्या सिस्टिमच्या हेडर-लायब्रऱ्यांची प्रत) लागत नाही. ६४-बिट रास्पबेरी पायसाठी फक्त टार्गेट बदलायचं. एवढ्या एका सोयीसाठीही हे साधन घ्यावं. अट एकच, सोबतच्या सगळ्या लायब्रऱ्याही त्याच टार्गेटने बिल्ड करा. नव्या डिस्ट्रोची तयार स्टॅटिक लायब्ररी जोडली की लिंकर न सापडलेल्या सिम्बॉल्सची (फंक्शन्स वगैरेंच्या नावांची) यादी देतो. पाठवण्याआधी ऑब्जडम्प या बायनरी तपासणाऱ्या साधनाने डायनॅमिक सिम्बॉल्स काढून मागितलेल्या आवृत्त्या तपासा.

सी++ वाल्यांनी इथे थांबून वाचावं. झिग स्वतःची लिबसी++ (सी++ ची प्रमाण लायब्ररी) आत स्टॅटिक जोडतं, तर ग्राहकाचं ॲप्लिकेशन बहुधा जीसीसीच्या लिबस्टडसी++ वर असतं. दोघांची स्ट्रिंग मेमरीत वेगळी मांडलेली असते. म्हणून बाहेरचा इंटरफेस निव्वळ सी चा ठेवा : अपारदर्शक हँडल (आतली रचना न दाखवणारा पॉइंटर), पूर्णांक एरर कोड, आणि लायब्ररीने घेतलेली मेमरी सोडणारं फंक्शनही लायब्ररीचंच. एक्सेप्शन सीमेबाहेर जाऊ देऊ नका. सिम्बॉल्सची व्हिजिबिलिटी मुळात हिडन ठेवा आणि हवी तेवढीच फंक्शन्स उघडी करा.

ऑप्टिमायझेशनशिवाय बिल्ड केलं तर झिग यूबीसॅन (अनिर्धारित वर्तन पकडणारी तपासणी) आपोआप चालू ठेवतं, आणि प्रोग्राम कधी नुसताच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून पडतो. मॉडबसमध्ये हे हमखास दिसतं : ७ बाइटचा हेडर, फंक्शन कोड आणि बाइट काउंट मिळून रजिस्टरचा डेटा ९ व्या ऑफसेटला सुरू होतो. तिथे १६-बिट पॉइंटर कास्ट केला की अलाइनमेंट चुकते. यूबीसॅन बंद करू नका. बाइट एकेक उचलून जोडा, बिग-एंडियनचा (मोठा बाइट आधी येण्याचा) प्रश्नही तिथेच सुटतो.

मसल या जीलिबसीच्या छोट्या पर्यायाचं स्टॅटिक बिल्ड स्वतंत्र प्रोग्रामला उत्तम, पण जीलिबसीच्या ॲप्लिकेशनमध्ये लोड करायच्या लायब्ररीला उपयोगाचं नाही. शिवाय त्याच्या थ्रेडचा स्टॅक मुळात १२८ केबीच असतो. मोठे लोकल बफर असतील तर तो वाढवून द्या.

झिग अजून १.० ला पोहोचलेलं नाही. बिल्ड सर्व्हरवर नेमकी आवृत्ती बांधून ठेवा, आणि ती बदलली की सगळ्या ऑब्जेक्ट फाइल्स नव्याने कंपाइल करा.