रिओ रेड ग्रेपफ्रूट : रंग पुरेपूर, गोडी बेताची

टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रँड नदीच्या खोऱ्यात पिकणारे ‘रिओ रेड’ ग्रेपफ्रूट हिवाळाभर अमेरिकेतील दुकानांत मिळते. पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून हे फळ आलेले असल्यामुळे गणपतीच्या दिवसांत पपनस सोलून खाल्लेल्या माणसाला त्याचा कडवटपणा परका वाटत नाही; मात्र पपनसाचा गर पापुद्र्यातून जसा अखंड सुटतो तसा याचा सुटत नाही, त्यामुळे फळ आडवे कापून चमच्याने खाणेच सोयीचे.

फळ कापताच दाद द्यावी लागते ती रंगाला. ‘रुबी रेड’ या जुन्या वाणाचा गर हंगाम सरत आला की फिका पडे, आणि टेक्सासमधील वेस्लाको येथील संशोधक डॉ. रिचर्ड हेन्झ यांना रंग टिकवून धरणारे झाड हवे होते. संकराची वाट येथे अवघड आहे, कारण ग्रेपफ्रूटच्या बीमधील बहुतेक भ्रूण केवळ मातृवृक्षाच्याच पेशींपासून तयार होतात आणि रोपे आईसारखीच निपजतात. म्हणून आनुवंशिक बदल घडावा यासाठी डोळकाड्यांवर, म्हणजे कलमासाठी काढलेल्या डोळे असलेल्या काड्यांवर, न्यूयॉर्क राज्यातील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत न्यूट्रॉनांचा मारा करण्यात आला. त्यांतून वाढलेल्या एका झाडावर १९७६ मध्ये अधिक गडद फळांची फांदी आढळली आणि १९८४ मध्ये तिच्यापासून ‘रिओ रेड’ प्रसारित झाले. त्याआधी, १९७० मध्ये, बियांवरील अशाच प्रयोगातून आलेले ‘स्टार रुबी’ रंगाने याहूनही गडद आहे. पण ते झाड थंडीला आणि तणनाशकांना फारच नाजूक ठरले.

किरणोत्सर्गाच्या धास्तीने हे फळ टाळण्याचे कारण नाही, कारण मारा झाला तो साठच्या दशकातील काड्यांवर, आणि आजची झाडे म्हणजे त्यांच्या कलमांची कलमे होत. आपल्या तासगाव भागातील ‘तास-ए-गणेश’ हे द्राक्षही ‘थॉम्पसन’ या द्राक्षवाणाच्या वेलीवर आपोआप घडलेल्या बदलातूनच मिळाले; ते मात्र आपण निःशंकपणे खातो.

चवीबाबत अपेक्षा आवरावी. हा लाल रंग लायकोपीनचा, म्हणजे टोमॅटोतल्याच रंगद्रव्याचा आहे आणि त्याचा गोडीशी संबंध नाही; हंगामाच्या आरंभीची फळे दिसायला देखणी असली तरी आंबटच निघतात. दुकानदार फळावर बहुधा नुसते ‘रेड ग्रेपफ्रूट’ असे लिहितात, वाणाचे नाव देत नाहीत, ही माझी खरी तक्रार आहे. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन किंवा अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी, तसेच रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे फळ खाऊ नये, कारण त्यातील घटकांमुळे औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते.

बाकीच्यांनी फेब्रुवारीनंतर, हाताला जड लागणारे आणि गुळगुळीत सालीचे फळ निवडावे, आणि साखरेऐवजी चिमूटभर मीठ भुरभुरावे. त्याने कडवटपणा अधिक चांगला दबतो.