कृतज्ञता डायरी, १८० दिवसांनंतर: बांधणी सुटली, ‘साठी’ सुटलं नाही

काल रात्री डायरी उघडली आणि पान ९४ ते १२६ एकगठ्ठा मांडीवर आली. बांधणी नुसत्या डिंकाची, शिलाईचा एक टाका नाही. ५४९ रुपये मोजले होते. आमच्या पतसंस्थेतल्या जुन्या खतावण्या पुराच्या पाण्यात भिजून, उन्हात वाळून अजून एकसंध आहेत, आणि ही बया घरात, टेबलावर, पंख्याखाली फुटली.

फोटो काढून तक्रार पाठवली. उत्तर आलं की वस्तू परत करायची मुदत सात दिवसांची होती. त्याखाली: ‘आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत.’ मी तीनदा लिहिलं, तीनदा ते कृतज्ञ झाले. नाव लिहीत नाही. रोज कशाकशाबद्दल आभार वाटतात ते लिहायच्या या डायऱ्या आतून सगळ्या सारख्याच असतात: सकाळच्या तीन ओळी, रात्रीच्या दोन, मूडचे पाच चेहरे, पाण्याचे आठ ग्लास रंगवायचे. तुम्ही पाहिल्या असतीलच.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे अनुभव कुणाचा ते कळेल. मी सांगलीत कॅशियर आहे, वय ४८. काळजी हा माझा जोडधंदा. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, माझं मन त्यात ओव्हरटाइम करतं. रात्री तीनला जाग येते आणि दुपारी सव्वाबाराला दिलेलं बंडल डोळ्यांपुढे येतं. शंभराचं होतं ना? की दोनशेचं गेलं? मग पुण्यातल्या मुलानं फोन का उचलला नाही, सासूबाईंची साखर, गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह. मोठं संकट एकही नाही, सगळी चिल्लर. पण चिल्लर मोजायलाच वेळ जास्त लागतो, हे कुठल्याही कॅशियरला विचारा.

मानसशास्त्र शिकणाऱ्या भाचीनं सुचवलं म्हणून पाडव्याच्या सवलतीत डायरी मागवली. घरी पाकीट फोडल्यावर झालेला संवाद:

“५४९? काय लिहिलंय यात?”

“काही नाही. आपण लिहायचं.”

“अगं, म्हणजे कोरी वहीच की!”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आता मुख्य तक्रार. प्रत्येक पानावर छापलंय: ‘आज मी ________ साठी कृतज्ञ आहे.’ दिवसाला तीनदा, १८० दिवस, म्हणजे ५४० वेळा. माझे वडील मराठीचे मास्तर. ते असते तर ५४० लाल गोल झाले असते. मराठीत ‘साठी’ असं सुटं उभं राहत नाही, ते शब्दाला चिकटतं, आणि चिकटताना शब्दाचं रूप बदलतं. पाऊस लिहिलं तर ‘पाऊस साठी’. पावसा लिहिलं तर ते पावसा बिचारं गाळलेल्या जागेत एकटंच लोंबकळतं. मूळ इंग्रजी वाक्य कुणीतरी शब्दाला शब्द लावून उतरवलेलं, हे पहिल्या पानावरच दिसतं. आपण माणसाबद्दल कृतज्ञ असतो, त्याच्या‘साठी’ डबा भरतो.

परिणाम काय झाला ते ऐका. पहिला आठवडाभर मला फक्त रूप न बदलणाऱ्या गोष्टींबद्दल कृतज्ञता वाटली. चहा साठी, आई साठी, गाडी साठी. नवरा आणि मुलगा व्याकरणात बसेनात, म्हणून त्यांचे आभार आठ दिवस राहूनच गेले. हसू नका, पानं आहेत माझ्याकडे. (सुटी का असेनात.)

बाराव्या दिवशी चहा तिसऱ्यांदा आला. विसाव्या दिवशी मी झोपण्याआधी आठवडाभराच्या ओळी एकदम भरल्या, जशी काही मार्चएंडची व्हाउचरं. आणि वर नवी काळजी: आज लिहायचं राहिलं. महिनाअखेर माझं मत ठरलं होतं, दोन तारे, ते पण कागद जाड आहे म्हणून.

भाचीला सुनावलं. ती म्हणाली, “मावशी, रोज लिही असं तुला कुणी सांगितलं?” डायरीनं सांगितलं होतं! तर म्हणे रॉबर्ट एमन्स या मानसशास्त्रज्ञांनी एका सहकाऱ्याबरोबर केलेला जो प्रयोग सगळे सांगतात, २००३ मध्ये छापून आलेला, त्याच्या पहिल्या भागात विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदाच लिहिलं होतं, दहा आठवडे. एका गटानं आभार मानण्याजोग्या गोष्टी, दुसऱ्यानं कटकटी, तिसऱ्यानं नुसत्या घडामोडी. आभारवाल्यांना एकूण आयुष्य बरं वाटलं, दुखण्याखुपण्याच्या तक्रारी कमी झाल्या. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आठवड्यातून एकदा आणि तीनदा अशी तुलना केली, तेव्हा फायदा एकदावाल्यांना दिसला. रोज रोज केलं की त्याचं पाढे म्हणणं होतं. मग डायरी १८० दिवसांची का छापतात? २६ पानांची छापली तर ५४९ कोण देईल, याचा हिशोब मला न शिकवता येतो.

तिनं आणखी एक सांगितलं, ते विकणाऱ्यांनी पुठ्ठ्यावर छापायला हवं. अशा प्रयोगांचा एकत्र आढावा २०२१ साली आला, २७ अभ्यास, ३,६७५ माणसं. चिंता आणि नैराश्याच्या लक्षणांवर परिणाम निघाला तो लहानसा. शून्य नाही, पण लहान. माझ्या डायरीच्या मागच्या पुठ्ठ्यावर मात्र ‘आयुष्य बदलून टाका’. माझ्या जावेची गेल्या वर्षी झोप आणि जेवण दोन्ही सुटलं होतं. तिला वही देत बसलो असतो तर वाटोळं झालं असतं. तिला डॉक्टरांकडे नेलं, औषध सुरू झालं, आता ती बरी आहे. हे मध्येच लिहिलं, कारण काही लोक वहीलाच दवाखाना समजतात.

इथपर्यंत एप्रिल. यापुढचं मत बदललेलं आहे, म्हणून वरचे दोन तारे धरून बसू नका.

जूनमध्ये एका संध्याकाळी रोकड पाच हजारांनी कमी आली. दोनदा मोजली, मशीनवर लावली, स्लिपा जुळवल्या. शाखाधिकारी घड्याळाकडे बघतायत, मी मनातल्या मनात पगारातून पाच हजार वजा करतेय. तेवढ्यात शिपाईकाकांनी काही न बोलता गल्ल्याचा ड्रॉवर पार बाहेर ओढून काढला. मागच्या फटीत, रबरबँड तुटलेल्या पाचशेच्या दहा नोटा, पंख्यासारख्या पसरलेल्या.

घरी आले, डायरी उघडली. ‘आज मी ___ साठी’ समोर आलं आणि माझं डोकं फिरलं. पेनानं आडवी रेघ मारून ते वाक्यच खोडलं आणि वर लिहिलं: थोडक्यात निभावलं. काकांनी ड्रॉवर ओढला नसता तर आत्ता मी फरकाच्या कागदावर सही करून बसले असते. त्या रात्री साडेपाचपर्यंत झोपले. तीन कधी वाजले ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून रेघ मारूनच लिहायला लागले. ‘बरं झालं, छत्री घेतली.’ ‘नशीब, रिक्षावाला थांबला.’ ‘व्हॉल्व्ह रविवारी फुटला, कामाच्या दिवशी फुटला असता तर?’ आपण घरात आभार मानतच नाही असं सगळे म्हणतात, पण आपली कृतज्ञता याच शब्दांत बोलते. कृतज्ञता हा शब्द सत्काराच्या शालीसारखा आहे, घरात कोण पांघरतं? बरं झालं, नशीब, थोडक्यात निभावलं, हे दिवसातून दहादा तोंडात येतं, फक्त ते कुणी कागदावर उतरवून घेत नाही. आणि काळजीखोर माणसाला ‘नसतं झालं तर’ हा धडा शिकवावा लागत नाही, त्यात आम्ही पहिल्यापासून पहिले. तेच यंत्र उलटं फिरवायचं.

भाचीला फुशारकीनं सांगितलं तर ती म्हणे हे पण झालेलं आहे. टिमोथी विल्सन, डॅनियल गिल्बर्ट वगैरे मानसशास्त्रज्ञ मंडळींनी २००८ मध्ये दाखवलं की चांगली गोष्ट कशी घडली हे लिहिण्यापेक्षा ती घडली नसती तर कसं, हे लिहिणाऱ्यांना जास्त बरं वाटलं. असो. मी शोध लावला असं निदान दोन दिवस वाटलं.

खरी परीक्षा पावसात. सांगलीबाहेरच्यांना सांगते, इथं जुलै संपताना शेंबड्या पोरालाही पाठ असतं: आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, कोयना धरण १०५ टीएमसीचं (म्हणजे अब्ज घनफूट), दरवाजे किती उचलले, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती सोडलं. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या खालच्या खोलीत कपाटामागं त्या पाण्याची रेघ अजून आहे, दोनदा रंग दिला तरी उमटते. त्यामुळे ऑगस्टच्या रात्री मी फोनवर पातळी बघत बसते. अर्ध्या तासाला दोन इंच, मग तीन इंच.

त्यातल्या एका रात्री लिहिलेलं पान जसंच्या तसं देते. ‘आईंना यंदा चालता येतंय. १९ ला खुर्चीसकट बोटीत उतरवावं लागलं होतं, चौघं लागले. यांनी सिलिंडर वर नेला, न सांगता. कागदपत्रं डब्यात आहेत. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी किल्ली देऊन ठेवलीय. पिठाचा डबा खालीच राहिला.’ शेवटची ओळ लिहिली आणि उठून डबा वर ठेवला. मग झोपले. पाणी रात्रभर चढतच होतं. माझ्या लिहिण्यानं कृष्णामाई थांबत नाही, पण अर्धी भीती ‘कुणी काही केलेलं नाही’ याची होती, आणि कागदावर दिसलं की बरंच काही बऱ्याच जणांनी केलेलं आहे.

आता जिथं चालत नाही ते. ऑगस्टमध्येच पाचशे रुपये खरोखर कमी आले, कुठंच सापडले नाहीत, खिशातून भरले. त्यावर ‘पाच हजार नव्हते हे नशीब’ असं लिहून बघितलं. खोटं वाटलं, खोडलं. तिथं उपयोगी पडली ती नवी सवय: प्रत्येक बंडलावर पेन्सिलनं वेळ टाकायची. रात्री तीनच्या शंकेला वेळेचा पुरावा लागतो, आभार नव्हे. आणि पान ६० वर सूचना आहे, ‘ज्यानं आज तुम्हाला दुखावलं त्याचे आभार माना.’ ते पान कोरं आहे आणि कोरंच राहणार. काउंटरवर तोंडावर पासबुक फेकणाऱ्याचे आभार मी मानणार नाही, ५४९ परत दिले तरी.

एका सूचनेला मात्र मनापासून गुण. ‘एखाद्याला प्रत्यक्ष भेटून सांगा.’ मी शिपाईकाकांना सांगितलं, ड्रॉवरचं, अडीच महिन्यांनी. ते स्टँपपॅडला शाई घालत होते. हात थांबला. “असू दे की ताई, त्यात काय,” म्हणाले आणि शाई पॅडच्या बाहेर सांडली. दोघंही ती पुसत बसलो. त्यानंतर रोज सहाला ते मला न विचारता ड्रॉवर ओढून बघतात.

माझी आजी जेवण झालं की ताटातच हात धुवायची आणि म्हणायची, अन्नदाता सुखी भव. दोन वेळा, वर्षानुवर्षं, शून्य रुपये. तिला मूडचे चेहरे रंगवावे लागले नाहीत.

तर हिशोब. १८० पैकी १३१ पानं भरली, पाण्याचे ग्लास एकदाही रंगवले नाहीत. तीनची जाग आठवड्यातून पाचदा होती, आता दोनदा, पाऊस असेल तर तीनदा. पद्धतीला चार तारे. वस्तूला एक, तोही कागदाच्या जाडीला. ‘डायरी संपत आली? नव्या भागावर २० टक्के सूट’ असा मेसेज परवा आला. मी गणपती पेठेतून शिलाईची वही आणली, शंभर पानी, चाळीस रुपये, आत एकही वाक्य छापलेलं नाही.

जुन्या डायरीच्या शेवटच्या पानावर ‘या प्रवासासाठी स्वतःचे आभार माना’ असं छापून खाली बारा ओळी सोडल्यात. तिथं मी सप्टेंबरच्या दुधाचा हिशोब लिहिलाय.