थंड पेयांवर साखरेनुसार कर की शाळेबाहेर ५० मीटरची बंदी?

सांगलीसारख्या उसाच्या जिल्ह्यात साखरेवर कर म्हटलं की लगेच कपाळाला आठ्या पडतात. पण गॅसवाल्या थंड पेयांवर कर आहेच, सप्टेंबर २०२५ पासून सरळ ४० टक्के जीएसटी. गोची अशी की भरपूर साखरेची बाटली आणि बिनसाखरेची बाटली, दर एकच. मग कंपनी साखर कशाला कमी करेल? ब्रिटनने २०१८ मध्ये दर साखरेला बांधला: १०० मिलीमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर कर नाही, ८ ग्रॅम आणि त्यापुढे सर्वांत जास्त. कर वाचवायला बऱ्याच कंपन्यांनी साखर घटवली. गिऱ्हाइकाला उपदेश करावा लागला नाही.

असं खाणं-पिणं कमी करायचा दुसरा मार्ग शाळेचा. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरांत जादा साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायला मनाई आहे. शाळा सुटताना सांगलीच्या विश्रामबाग भागात उभं राहून बघा: वेफर्सच्या पाकिटांच्या माळा, शेजारी उकळतं तेल. टेप घेऊन मोजणार कोण? आणि कारवाई झालीच तर गाडेवाल्यावर, कंपनीवर नाही.

म्हणून माझं मत आधी कराला. मात्र कढईतल्या वड्याला तो शिवत नाही, तिथे शाळेचाच नियम हवा. फक्त गाडे हुसकावू नका. त्याच गाडेवाल्यांना पेरू, उकडलेल्या शेंगा विकायला फाटकाजवळ जागा द्या.