हवेवर जगणाऱ्या माशाच्या ऑक्सिजनसाठी मी २,४०० रुपये भरले

एकूण १४,६४८ रुपये गेले. आकडा आधीच लिहून टाकते, कारण नातेवाइकांना मी "चार-पाच हजार गेले" असं सांगितलंय आणि ते खोटं आहे. ९२५, पुन्हा ९२५, मग २,४००, मग ३,९९९ आणि शेवटी ६,३९९. सहा दिवसांत पाच वेळा पैसे पाठवले, तेही एका फायटर माशासाठी. मासा आलाच नाही.

मी नवखी नाही, हे मला सांगायचंच आहे. आमचा आधीचा फायटर दोन वर्षं नऊ महिने जगला. दुकानात प्लॅस्टिकच्या ग्लासात ठेवलेला निळा मासा, १२० रुपयांचा. दुकानदार म्हणाला होता, "बाऊलमध्ये ठेवा, काही लागत नाही त्याला." पहिल्याच महिन्यात त्याच्या शेपटीच्या कडा झिजायला लागल्या, तेव्हा मी वाचायला बसले आणि कळलं की त्याला सगळंच लागतं. वीस लिटरची टाकी घेतली, संथ चालणारा स्पंज फिल्टर घेतला, थंडीत पाणी २६ अंशांवर ठेवायला हीटर घेतला. नळाच्या पाण्यात अँटीक्लोरीन टाकल्याशिवाय एक तांब्याही कधी ओतला नाही. दर रविवारी पाव हिस्सा पाणी बदलायचं, दिवसातून दोनदा मोजून दोन-तीन दाणे, आठवड्यातून एक दिवस उपास. हे सगळं मी केलंय. म्हणून "एवढं शिकलेली बाई फसली कशी" असं कुणी म्हटलं की मला आतून पेटल्यासारखं होतं.

तो नोव्हेंबरमध्ये गेला. लेक दोन दिवस नीट जेवली नाही. मी तिला शब्द दिला की पुढचा मासा तुझ्या आवडीचा, कोई गॅलक्सी, म्हणजे अंगावर रंगीत ठिपके असलेला फायटर. पण आधी टाकी पूर्ण रिकामी करून धुतली आणि डिसेंबरमध्ये नव्याने सायकलिंगला लावली. मासा नसताना रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, ते कुजून अमोनिया होतो, मग एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पाच आठवडे टेस्ट किट घेऊन बसले होते. ज्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, त्याच संध्याकाळी मी पहिले ९२५ भरले. घाई केली नव्हती हो मी. पाच आठवडे थांबले होते.

जवळच्या दुकानातून का नाही घेतला? कारण बघून आले होते. ग्लासांची रांग, ग्लासात दोन बोटं पाणी, पर मिटलेले, एकाच्या अंगावर पांढरे ठिपके. मला आजारी मासा घरी आणायचा नव्हता. आणि मी स्वस्ताच्या मोहानेही गेले नाही. ऑनलाइन सापडलेला हा विकणारा १,८५० मागत होता, म्हणजे महागच. "थाई इम्पोर्टेड लाइन" म्हणाला. थायलंडने २०१९मध्ये या माशाला आपला राष्ट्रीय जलचर ठरवलं, तेव्हापासून थाई हा शब्द लावला की कुणीही दुप्पट किंमत लावतो. कोलकात्यात गॅलिफ स्ट्रीटच्या पाळीव प्राण्यांच्या बाजारात रोज बसतो म्हणाला आणि बुधवारी दुपारी दुकानाचा म्हणून एक फोटो पाठवला. तो बाजार रविवारचा असतो, हे मी नंतर वाचलं.

अर्धे आधी, अर्धे पार्सल निघताना. तिथपर्यंत मला आजही काही वावगं वाटत नाही, मासे असेच मागवतात लोक. मग तिसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला मेसेज आला. मी ओटा पुसत होते. "मॅडमजी, कुरियरवाला बोल रहा है ऑक्सिजन सिलिंडर वाला बॉक्स कंपलसरी है, नहीं तो मछली रास्ते में दम तोड़ देगी. २,४०० रिफंडेबल."

इथे मला थांबायला हवं होतं. इथेच. फायटरच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूला एक जादा अवयव असतो, त्याने तो पाण्याच्या वर तोंड काढून सरळ हवा घेतो. म्हणून तर तो भातखाचरांच्या उथळ, कोमट पाण्यात तग धरतो आणि म्हणूनच दुकानदार त्याला ग्लासात कोंबू शकतात. हे मी स्वतः लेकीला टाकीसमोर उभं करून दाखवलं होतं: बघ, वर आला, घोट घेतला, खाली गेला. टाकीवर झाकण हवं पण पाण्याच्या वर हवेची जागा सोडायची, हे मी दहा जणांना सांगितलंय. या माशाला पिशवीत थोडं पाणी आणि वर हवा एवढं पुरतं. आणि मी हातातलं फडकं बाजूला ठेवून त्याच्या सिलिंडरसाठी २,४०० रुपये पाठवले. रोज रात्री मला तो ओटा आठवतो.

त्यातही मी स्वतःची समजूत घातली. जानेवारी होता, वाटलं बॉक्समध्ये ऊब धरायची काही सोय असेल, मासा गारठायला नको. पण मेसेजमध्ये उबेचा शब्दही नव्हता. तो मी माझ्या मनाने घातला. आणि यावेळी पैसे वेगळ्याच नावाच्या खात्यात मागितले होते, "भाई का अकाउंट है". खातं बदललं की तिथेच व्यवहार थांबवायचा, कारण कुठलंही असो.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मासा मुंबई विमानतळावर अडकला, हेल्थ सर्टिफिकेट नाही, ३,९९९ भरा, तेही रिफंडेबल. रात्रीपर्यंत भरले नाहीत तर मासा उपाशी मरेल आणि प्राण्यांवरच्या क्रूरतेची केस पार्सल ज्याच्या नावावर आहे त्याच्यावर होईल. माझ्यावर! धडधाकट फायटर चार-पाच दिवस न खाता सहज काढतो, पाठवायच्या आधी तर मुद्दाम एक-दोन दिवस उपाशी ठेवतात म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही. हेही मला माहीत होतं. पण केस हा शब्द ऐकला आणि हात कापायला लागले. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं, तीच मोठी चूक. नवऱ्याला एका वाक्यात जरी सांगितलं असतं तरी त्यांनी फोन हातातून काढून घेतला असता.

सहाव्या दिवशी सकाळी सात वाजता, डबे भरायच्या गडबडीत, "रिफंड डिपार्टमेंट"चा फोन. २,४०० आणि ३,९९९ मिळून ६,३९९ परत पाठवतोय, क्यूआर स्कॅन करा, रक्कम टाका, पिन टाका. मी टाकला. पैसे आले नाहीत, आणखी ६,३९९ गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. लहान मुलाला शिकवावं तसं घरातल्या प्रत्येकाला हे शिकवा, माझ्यासारख्या "मला येतं सगळं" म्हणणारीला आधी.

मग त्या माणसाच्या ऑनलाइन पानावरच्या जुन्या पोस्ट बघत बसले. चौदा महिन्यांपूर्वी त्याने याच माशाचं चित्र टाकलं होतं, तेच लाल ठिपके, त्याच जागी. कोई फायटरचे रंग स्थिर नसतात, काही महिन्यांत ठिपके सरकतात, पसरतात, कधी अख्खा मासा काळपट होतो. म्हणजे "आज सकाळचा" म्हणून मला आलेला व्हिडिओ जुना होता. कोई घेत असाल तर विकणाऱ्याची जुनी चित्रं आधी बघा. आणि व्हिडिओ कॉल मागा, त्यात त्याला माशासमोर आरसा धरायला सांगा. जिवंत, तब्येतीचा नर लगेच कल्ले फुगवून दाखवतो. मी कॉल मागितला होता, तो "नेटवर्क नहीं है" म्हणाला आणि मी विषय सोडला.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्याबद्दल. पैसे गेल्यावर दोन तासांच्या आत मी १९३०वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. तुम्हीही सगळ्यात आधी तेच करा, रडत बसू नका. पण नंतर आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेले, तिथे टेबलावरच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "मासा खायचा का पाळायचा?" आणि शेजारचे दोघं हसले. मी एक कमावती बाई, हातात स्क्रीनशॉटची अठरा पानं, आणि माझ्यावर हसतायत. म्हणाले आरोपी कोलकात्याचा, तक्रार तिकडे करा. मी म्हटलं, १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, कलम १७३प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी खबर घ्यावीच लागते. तर म्हणे, "मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका." दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला अर्ज ठेवून घेतला पण पोच देईनात. पोच घेतल्याशिवाय उठू नका. मी पावणेदोन तास बाकावर बसून राहिले, तेव्हा शिक्का मारला.

बँकेची तऱ्हा वेगळी. शाखेत म्हणतात एफआयआरची प्रत आणा. ठाण्यात म्हणतात आधी बँकेचं शिक्क्यासह स्टेटमेंट आणा. स्टेटमेंटसाठी म्हणतात तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथे जा, ती शाखा लोकलने तासभर लांब. अर्धी रजा त्यात गेली. मी रिझर्व्ह बँकेचं २०१७चं परिपत्रक छापून नेलं, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. काउंटरवरच्या मुलीने वाचलंही नाही. "ते अनधिकृत व्यवहारांसाठी आहे, पिन तुम्हीच टाकलाय." नियमाने तिचं बरोबर असेल. पण मग सहा दिवसांत तीन-तीन अनोळखी खात्यांत पैसे जाताना तुमच्याकडून मला एक तरी इशारा का आला नाही, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, मॅनेजरकडेही नव्हतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ला विचारलं तर विकणाऱ्याचा पत्ता हवा. पत्ता असता तर मी स्वतः गेले नसते का? दोन महिन्यांनी कळलं की शेवटच्या खात्यात ३१२ रुपये गोठवलेत, आणि तेही मिळवायला कोर्टाचा आदेश लागेल असं तेव्हा सांगितलं. त्या माणसाचं पान आजही चालू आहे. मी त्या पानाची तक्रार केली होती, "नियमांचं उल्लंघन आढळलं नाही" असं साइटकडून उत्तर आलं. परवा त्याने पुन्हा तोच ठिपक्यांचा मासा टाकला. खाली एका मुलाने विचारलंय, बॉक्सचे पैसे खरंच परत मिळतात का. त्याला मी सगळं लिहून पाठवलं.

लेक विचारते, मासा कधी. मी सांगितलंय, डोळ्यांनी बघून आणू, लोकलने कुर्ल्याच्या बाजारात जाऊ. पर पसरलेले हवेत, बोट हलवलं की मागे यायला हवा, श्वास घ्यायला वर येताना तिरका व्हायला नको. पण अजून माझं मन होत नाही. टाकी चालू आहे, हीटर २६वर आहे. आतले जीवाणू मरू नयेत म्हणून रोज सकाळी मी रिकाम्या पाण्यात चिमूटभर खाद्य टाकते.